सात दिवसांची यादी

१

शनिवारी सकाळच्या पाळीचे लोक गिरणीत शिरले तेव्हा नोटीस बोर्डावरची यादी नाहीशी झाली होती. खालचा डावा कोपरा तेवढा बोर्डाला चिकटून होता, बोटाच्या दोन पेरांएवढा.

मला हे नऊ वाजता कळलं. अल्लीपूरच्या वाचनालयाचं कुलूप काढायला गेलो, तर पायरीवर गोपिका बसलेली होती. फाट्यापलीकडच्या सुवर्णतंतू गिरणीत ती सूत कातायच्या मशीनवर काम करते. कधीमधी मासिकं न्यायला येते, म्हणून ओळख.

"अण्णाजी, माह्यावर चोरीचा आळ आला."

"कशाच्या?"

"कागदाच्या." तिने पदराआडून एक पत्र काढलं. "वाचा तुम्हीच."

पत्रात लिहिलं होतं की शुक्रवार, २८ फेब्रुवारीला तिने कंपनीचा अधिकृत दस्तऐवज बोर्डावरून काढून नष्ट केला. बुधवारपर्यंत खुलासा दिला नाही तर तिला बडतर्फ करण्यात येईल.

"पण कालच तर तुला कपातीचं पत्र मिळालं ना? एकशे बारा जणांत तूही आहेस."

"हाव. आधी कमी केलं, आता हाकलून राह्यले. फरक काय पडते?"

फरक मोठा होता. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला तो लगेच दिसला. कपातीत गेलेल्या कामगाराला पुढे गिरणीत भरती निघाली तर पहिला मान असतो. भरपाईचा हक्क असतो. चोरी करून बडतर्फ झालेल्याला यातलं काहीच उरत नाही. चौदा वर्षांची नोकरी पुसली जाते.

"तू खरंच कागद काढलास का?"

"नाई जी! काल सकाळी कपातीचं पत्र भेटलं तशी मी बोर्डाजवळ गेलती. माह्यं नाव शोधलं. मी २०११ च्या पोळ्याले लागली आणि यादीत लिवलं २०१९. मंधात कंपनीचं नाव बदललं, नवे कार्ड देले, त्या कार्डाची तारीख यायनं धरली. मले राग आला. हात आपटला बोर्डावर आणि म्हटलं, हा कागद फाडूनच टाकला पाह्यजे. साऱ्यायनं आयकलं. पण फाडला नाई."

ऐकणारे पन्नास जण होते. तेच आता तिच्या विरोधात साक्षीदार होते.

२

कपातीचा नियम साधा आहे. शेवटी आलेला आधी जातो. कोण कधी आला याची ज्येष्ठता यादी करायची आणि कपातीच्या निदान सात दिवस आधी ती सगळ्यांना दिसेल अशी लावायची. तारीख चुकली असेल तर कामगाराने तोंड उघडावं, यासाठी ते सात दिवस. गोपिकेसारख्या बाईसाठीच ते केलेले आहेत.

कंपनी म्हणत होती, यादी २० फेब्रुवारीला, गुरुवारी लावली. कपात २८ ला. म्हणजे आठ दिवस. कामगार म्हणत होते, यादी आम्ही पहिल्यांदा पाहिली ती २७ ला. आधीच्या दिवशी शिवरात्र, निम्मे लोक महादेवाच्या जत्रेला गेलेले. मोबाइल गेटवरच जमा करावे लागतात, त्यामुळे फोटो कुणाकडेच नव्हता.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात युनियनचे अध्यक्ष बंडूजी आले. पन्नाशीचे, दांडगे, आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. गळ्यात दुपट्टा. त्यांनी तो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला तेव्हा नव्या नोटेसारखा करकर वाजला.

"घाबरू नको वो गोपिका," ते म्हणाले. "बुधवारी वर्ध्याले सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढं बैठक हाये. तिथं आपण सांगू, यादीच नाई तं कपात कायची? काऊन अण्णाजी? तुम्हीच सांगतलं होतं न?"

सांगितलं होतं. २७ च्या संध्याकाळी ते वाचनालय बंद व्हायच्या वेळी आले होते. यादी लागल्याचं सांगून त्यांनी कायदा विचारला. समोर बोलायचा मला पहिल्यापासून संकोच. माणूस लवकर जावा म्हणून मी एका वाक्यात उत्तर दिलं होतं: "यादी सात दिवस आधी बोर्डावर नसेल तर कपात टिकत नाही." ते धन्यवाद म्हणून गेले होते.

"कंपनीकडे ऑफिसची प्रत असेल," मी म्हणालो. "त्यावर वीस तारीख छापलेली असेल."

"छापली तं छापली. बोर्डावरचा कागद कुठं हाये? त्यायनंच गायब केला असन. आणि नाव घेतलं या गरिबाचं."

गोपिका त्यांच्याकडे बघत होती. "बंडूजी, तुम्ही तं दिवसभर बोर्डाच्या खाली धरण्यावर बसले होते. तुमाले कोणी दिसलं नाई?"

"एवढी गर्दी होती, बाप्पा. कोणाकोणाकडे पाहू?"

कंपनीने कागद का काढावा हे मला कळेना. कागद असला तर त्यांचाच पुरावा. की कागदातच काही होतं, जे त्यांना कुणी पाहायला नको होतं?

३

गिरणीत जायचं कसं हा प्रश्न होता. माणसांना प्रश्न विचारणं हे माझं काम नव्हे. छत्तीस वर्षं मी पुस्तकं दिली, घेतली आणि फाटलेली चिकटवली. पण गिरणीचे कामगार विभागाचे अधिकारी किशोरसाहेब वाचनालयाचे सभासद आहेत. सोमवारी त्यांनी मागवून ठेवलेलं एक पुस्तक पिशवीत घालून मी फाट्यावर उतरलो.

किशोरसाहेब पस्तिशीचे, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"अण्णाजी, पुस्तक द्यायला एवढ्या उन्हात?"

"तुम्ही दोनदा निरोप पाठवला होता." हे खरं होतं. पुढचं बोलायला मला अर्धा ग्लास पाणी लागलं. "तो बोर्ड बघता येईल का?"

त्यांनी पुस्तक ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग म्हणाले, "बघा. मुंबईहून रोज तीन फोन येतात. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर, एवढंच त्यांना कळतं. तुम्ही बघितल्याने माझं आणखी काय बिघडणार?"

बोर्ड कँटीनकडे जाणाऱ्या बोळात होता. शेजारीच कातणखात्याचं दार, त्यामुळे उडती रुई सगळीकडे बसलेली. काळ्या प्लायवूडवर जुन्या नोटिसांचे चिटोरे होते. वर एक मोठा खिळा.

यादीची जागा लगेच ओळखू आली, पण आकार चमत्कारिक होता. कागद चौकोनी असणार. रुई मात्र खिळ्यापासून खाली निमुळत्या होत गेलेल्या पट्ट्यात दाट चिकटली होती आणि त्याखाली ओघळ सुकलेले होते. इथे काहीतरी ओलं होतं आणि बराच वेळ ओलं राहिलं होतं. खिळ्याला अडकवून लोंबत ठेवलेल्या कपड्यासारखं.

मग मी कोपरा पाहिला. नखाने कड उचलली. खळीचा पापुद्रा सुटला आणि तळहातावर पडला. काचेसारखा, आरपार. त्यात मोहरीएवढा एक पांढुरका दाणा अडकलेला.

शेजारच्या जुन्या चिटोऱ्यांखालची खळ मी तशीच खरवडली. ती मळकट, तपकिरी, कोंड्याचे कण असलेली.

छत्तीस वर्षं पुस्तकांना खळ लावलेली असल्याने मला एवढं तरी कळतं की या दोन खळी एकाच पिठाच्या नव्हेत. पण कळलेलं बरोबर आहे का, याची खात्री वाटेना. पापुद्रा मी पाकिटात ठेवला.

मागे शिपाई लहानू उभा होता. नोटिसा तोच लावतो.

"लहानूजी, यादी तुम्हीच लावली?"

"हाव."

"कोणत्या दिवशी?"

"कागदावर लिवली हाये न तारीख."

"ती मी नाही विचारली."

त्याने बोळाच्या टोकाला पाहिलं. "माह्यं बी लेकरूबाळ हाये, अण्णाजी," तो म्हणाला आणि झपझप निघून गेला.

४

कँटीनमध्ये वच्छलाबाई भाकरी थापत होत्या. मी चहा मागितला आणि बाकावर बसलो. विचारायचं काय ते ठरवून ठेवलं होतं, तरी शब्द जुळवायला वेळ गेला.

"वच्छलाबाई, नोटिशीची खळ कुठून येते?"

"ऑफिसातून चंद्रावरून आणतेत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "कुठून येईन? इथूनच जाते. लहानू वाटी घिऊन येते, मी कणकीची शिजवून देतो. ऑफिसाले एक डिंकाची बाटली घेववत नाई."

"नेहमी कणकेचीच?"

"दुसरी कायची राहीन?" मग त्यांचा हात थांबला. "नाई. एक डाव साबुदाण्याची देली. आता शिवरात्रीले. त्या दिवशी मी कणकीचा डबा उघडत नाई. तिन्ही पाळ्याले खिचडीच. लहानू आला खळ मागाले. म्हटलं, कणकीले आज हात नाई लावत, हे घे. भिजवलेला साबुदाणा होताच, थोच आटवून देला."

चहाचा कप मी खाली ठेवला.

"साबुदाणा एरवी असतो इथे?"

"कायले? गोणी मंगळवारी आली, शिवरात्रीच्या आधल्या दिवशी. किशोरसाहेबानंच सही करून उतरवून घेतली. गुरुवारी सारा सरला."

म्हणजे यादी २६ तारखेला लागली होती. सात दिवस सोडा, कपातीच्या आधी दोन दिवस. कामगार खरं बोलत होते, आणि ते सिद्ध करणारी खळ त्या नाहीशा झालेल्या कागदाच्या पाठीवर होती.

मग कागद कंपनीनेच काढला, असं वाटून मी उठलो. पण बोर्डावरचा निमुळता डाग डोळ्यांपुढून जाईना.

"शुक्रवारी इथे पाणी कोणी नेलं का? धरणं होतं तेव्हा."

"सारेच नेत होते. ऊन केवढं. बंडूजी तं तीनदा आले, दुपट्टा भिजवून नेला. म्हटलं, माठाचं थंडं घ्या, डोक्याले बरं वाटन. तं नाई म्हणे, चहाच्या भगोन्यातलं गरमच दे." त्यांनी भाकरी उलटली. "अध्यक्ष झाले की माणसाचं डोस्कं बी उलटंच चालते."

मी बसमध्ये चढलो तेव्हा मला सगळं माहीत झालं होतं, आणि माहीत झालं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

५

मंगळवारी दुपारी बंडूजींना मी वाचनालयात बोलावलं. बारा ते चार आम्ही बंद असतो. टेबलावर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं.

"हे कायले?"

"तुमचा दुपट्टा भिजवायला."

ते हसले. "धुणं चालू केलं का, अण्णाजी?"

मी मान वर केली नाही. पातेल्याकडे बघतच बोललो, नाहीतर बोलणं झालंच नसतं.

"वाळलेल्या खळीचा कागद ओढला तर फाटतो. सबंध काढायचा असेल तर गरम पाण्याने भिजवत ठेवावा लागतो. जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे मी तसेच काढतो. ओलं फडकं वर टाकायचं आणि वाट बघायची. शुक्रवारी तुमचा ओला दुपट्टा दिवसभर बोर्डाच्या खिळ्यावर, यादीवरच लोंबत होता, आणि संध्याकाळी तो उचलताना त्याच्याआड कागदही निघून आला. डोकं थंड करायला कोणी गरम पाणी घेत नाही. आणि शनिवारी तुमचा दुपट्टा इथे करकर वाजला. त्यात खळ उतरली होती."

बंडूजींनी पातेलं हाताने बाजूला सरकवलं.

"कोणाले सांगतलं?"

"कोणालाच नाही."

"तुम्हीच म्हटलं होतं," बंडूजींचा आवाज प्रथमच लहान झाला. "बोर्डावर यादी नसन तं कपात टिकत नाई. मले वाटलं, आपण दोन तारखा सांगू तं कोण आयकणार? त्यायची छापलेली तारीख, आपली तोंडची गोष्ट. कागदच नसला तं भानगडच नाई. एकशे बारा घरं होते, अण्णाजी. मी काई माह्या घरासाठी नाई केलं. माह्यं नाव जाणाऱ्यायत नोयतं."

"माहीत आहे."

"गोपिकेचं नाव येईन हे मले काय मालूम? आलं तवा म्हटलं, बुधवारी सारंच सुटन."

"सुटलं नसतं. कागद गेल्यावर कंपनीची ऑफिसप्रत तेवढी उरली. तुम्ही आपलाच साक्षीदार पळवलात." शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जड गेलं. "आणि ते माझ्यामुळे. मी नियम अर्धाच सांगितला. यादी उशिरा लागली असेल तर ती जपून ठेवा, हे सांगायचं राहिलं. माणूस लवकर जावा म्हणून मी थोडक्यात बोललो."

त्यांनी दुपट्टा उचलला, पुन्हा ठेवला.

"कागद कुठे आहे?"

"घरी. गादीखाली."

"फाडला नाहीत ना?"

"फाडाचा होता. झालं नाई. त्याच्यावर साऱ्यायचे नावं होते न."

उद्या काय करायचं ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचा अधिकार मला आहे असं वाटलं नाही.

६

वर्ध्याला कामगार अधिकारी बाईंच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला किशोरसाहेब आणि कंपनीचे नागपूरचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. वच्छलाबाई रजा टाकून आल्या होत्या. बंडूजींची खुर्ची रिकामी होती. साडेअकरा झाले. गोपिकेने खुलाशाचा कागद हातात घट्ट धरला होता.

वकिलांनी ऑफिसप्रत पुढे केली. "दिनांक वीस फेब्रुवारी. मूळ प्रत या बाईंनी नष्ट केली. पन्नास साक्षीदार आहेत."

तेवढ्यात दार उघडलं. बंडूजी आत आले. काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी. ते बसले नाहीत.

"मॅडम, कागद गोपिकाबाईनं नाई नेला. मी नेला. हा घ्या."

गोपिकेने त्यांच्याकडे पाहिलं. हातातला खुलाशाचा कागद तिने टेबलावर ठेवला. त्यांनी तिच्याकडे वळून हात जोडले.

वकील खूश झाले. "छान. म्हणजे यादी लागली होती, हे युनियनलाच कबूल."

"लागली होती," मी म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. "कोणत्या दिवशी ते कागदाच्या पाठीवर आहे."

अधिकारी बाईंनी कागद उलटा केला. पाठ काचेसारखी चमकत होती आणि तिच्यात पांढुरके दाणे जागोजागी बसलेले होते. मी पाकिटातला पापुद्रा शेजारी ठेवला. मग वच्छलाबाईंनी कणकेच्या डब्याची गोष्ट सांगितली, जशी मला सांगितली होती तशीच, चंद्रासकट.

"साबुदाणा काय, कोणत्याही दिवशी किराणा दुकानात मिळतो," वकील म्हणाले.

"दुकानात मिळते जी," वच्छलाबाई म्हणाल्या, "पण माह्या कँटीनात वीस तारखेले नोयता. गोणी पंचवीसले उतरली. साहेबाले इचारा."

सगळे किशोरसाहेबांकडे वळले. वकिलांनी त्यांच्या बाहीला हात लावला. ते टेबलावरच्या यादीकडे बघत होते. नावांच्या ओळी, बऱ्याच ठिकाणी पाण्याने पसरलेली शाई.

"तुम्ही सही केली होती?" बाईंनी विचारलं.

"केली होती," ते म्हणाले. "मंगळवारी. पंचवीस तारखेला. यादी लावायची राहून गेली होती, मॅडम. मुंबईचा फोन आला तेव्हा आठवली. लहानूने बुधवारी लावली. वीस तारीख मी टाकली."

वकिलांनी फाइल मिटली. बाईंनी तो जबाब लिहून घेतला आणि तिथेच सही मागितली. किशोरसाहेबांनी सही केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांखालचं काळं थोडं उजळलं असं मला वाटलं. माझा भासही असेल.

७

दहा दिवसांनी कंपनीने कपातीचा आदेश मागे घेतला. गोपिकेवरची नोटीसही. नवी यादी लागली, या वेळी खऱ्या तारखेला, आणि सात दिवस बोर्डापुढे लोकांची रीघ होती. गोपिका ओळीवर बोट ठेवून वाचत आली आणि २०११ पाशी थांबली. एकतीस जणांनी हरकती घेतल्या, त्यांतल्या सव्वीस मान्य झाल्या.

कंपनीने कपातीचा आकडा खाली आणला, तरी शेवटी शहात्तर माणसं गेलीच. कायदा क्रम सांगतो, नोकरी राखत नाही. गोपिकेची राहिली.

बंडूजींवर चौकशी झाली, चार दिवस बिनपगारी घरी बसले. युनियनचं पद त्यांनी स्वतःच सोडलं. गोपिका त्यांच्याशी अजून बोलत नाही. जाताना नमस्कार मात्र करते.

मी वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर एक फळी लावून घेतली. कपातीबद्दलचा नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्या अक्षरांत लिहिला. यादी केव्हा लागली पाहिजे, चूक दिसली तर काय करायचं, आणि उशिरा लागलेल्या यादीला हात न लावता तिची तारीख साक्षीदारांसमोर कशी नोंदवून घ्यायची. तीन पानं झाली. मैद्याची खळ केली, मोरचूद घालून, म्हणजे झुरळं लागणार नाहीत.

पानं चिकटवत होतो तेव्हा बंडूजी येऊन मागे उभे राहिले. वाचत राहिले. पहिलं पान, दुसरं पान. मला वाटलं आता निघतील.

"बसा," मी म्हणालो. "तिसरं वाळायचं आहे अजून."

ते पायरीवर बसले, आणि पान वाळेपर्यंत थांबले.